एका नटाची चाकं आणि अहेरीचे करीमचाचा

आमच्या घरात दोन गाड्या आहेत. एक माझी, अकरा वर्षं जुनी हॅचबॅक, जिच्या प्रत्येक चाकाला चार नट आहेत. दुसरी माझ्या नवऱ्याची, प्रदीपची. ती दोन सीटची सेकंडहँड जर्मन स्पोर्ट्स कार आहे आणि तिच्या प्रत्येक चाकाला मधोमध एकच, वाटीएवढा नट आहे. याला सेंटरलॉक म्हणतात. खरं तर हे मला माहीत असण्याचं काही कारण नाही, मी शाळेत भूगोल शिकवते. पण गेली दोन वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर सेंटरलॉक सोडून दुसरा विषय टिकलेला नाही, त्यामुळे आता मी त्यावर पेपर तपासू शकते.

प्रदीपचं म्हणणं असं, की रेसच्या गाड्यांचं चाक झटक्यात बदलता यावं म्हणून ही पद्धत निघाली, वजन थोडं कमी होतं, आणि दिसतं किती सुंदर. माझं म्हणणं असं, की आपण रेस खेळत नाही, आपण दूध आणायला जातो. त्या एका नटाला खास सॉकेट लागतं. माझ्या दंडापासून बोटांपर्यंत लांब असा पाना लागतो. सहाशे न्यूटन-मीटर जोर लागतो, म्हणजे ट्रकच्या नटाला लागतो तेवढा. आणि बाहेर एकजण नट फिरवत असताना आत बसून ब्रेक दाबून धरायला दुसरा माणूस लागतो, तो दुसरा माणूस मी. नागपुरातले निम्मे टायरवाले ते चाक पाहून हात मागे बांधतात. गाडीत स्टेपनी नाही, पंक्चर झालं तर आत सोडायची फेसाची एक बाटली आहे. पाच नटांची चाकं बसवायचं किट मिळतं, ते मी शोधून ठेवलं होतं, बसवणारा माणूससुद्धा ठरवला होता.

तेवढ्यात अहेरीहून शबानाचा फोन आला. प्रदीपचे वडील वनखात्यात कारकून होते, त्याचं सगळं लहानपण अहेरीत गेलं. क्वार्टरसमोर करीमचाचांचं टायर-पंक्चरचं दुकान. शबाना त्यांची मुलगी, चंद्रपुरात शिक्षिका आहे. तिने सांगितलं, अब्बांचे गुडघे गेलेत, दुकान बंद करतोय, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना कायमचं चंद्रपूरला घेऊन चाललेय.

फोन ठेवल्यावर प्रदीपने मला जे सांगितलं ते दोन वर्षांत सांगितलं नव्हतं. चाचांच्या दुकानात कुठल्याशा कॅलेंडरवरचं रेसच्या गाडीचं चित्र लावलेलं होतं. चाचा त्या चाकावर बोट ठेवून म्हणायचे, हे एका नटावर आहे, हे एकदा आपल्या हातानं खोलायचं आहे. आणि पाचवीतल्या प्रदीपने त्यांना शब्द दिला होता, मी आणतो. मी दोन वर्षं समजत होते की नवऱ्याला पन्नाशीचं वारं लागलंय. मला वाईट वाटलं, पण किटवाल्याचा नंबर मी पुसला नाही.

ठरलं ते असं: दसऱ्याला पहाटे निघायचं, संध्याकाळी चाचांच्या हातून चाक उघडायचं. आणि सेंटरलॉक ठेवायचं की नाही याचा निकाल चाचा देतील, तो दोघांनाही मान्य.

दसरा, सकाळ: नागपूर ते ब्रह्मपुरी

स्पोर्ट्स कारच्या डिकीत एक बॅग आणि थोडासा अहंकार मावतो. म्हणून सामान, पाणी, जॅक, सासूबाईंनी दिलेला लाडवांचा डबा आणि मी, असे सगळे मागून हॅचबॅकमध्ये. सासूबाई घरीच राहिल्या, गुडघे त्यांचेही गेलेत.

उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी असा रस्ता घ्या. पावसाळ्यानंतर तो कसा असेल हे कुणी सांगू शकत नाही, म्हणून विचारूच नका. उमरेडपर्यंत प्रदीप माझ्या पुढे होता. भिवापूरनंतर मी त्याच्या पुढे होते. त्याची गाडी जमिनीपासून चार बोटं वर आहे आणि प्रत्येक गतिरोधकाला ती तिरकी करून, नमस्कार केल्यासारखी, हळूहळू उतरवावी लागते. नागभीडला मला एका बैलगाडीने मागे टाकलं नाही, पण प्रदीपला टाकलं असावं, कारण तो यायला वीस मिनिटं लागली.

दोन्ही बाजूंना धान निसवलेलं, लोंब्या बाहेर आलेल्या, काचा खाली केल्या की त्याचा ओलसर गोड वास आत येतो. एसी लावून जाऊ नका.

ब्रह्मपुरीला बसस्टँडजवळ तर्री-पोहे खाल्ले. वीस रुपये प्लेट, तर्री दुसऱ्यांदा फुकट, डोळ्यांतलं पाणी तुमचं तुम्ही पुसायचं. प्रदीपच्या गाडीभोवती शेअर जीपचे ड्रायव्हर गोळा झाले. त्यातल्या एकाने खाली वाकून चाक नीट पाहिलं.

"साहेब, बाकीचे नट कुठी पडले?"

"एकच असतो."

"एकच? आन तो निघाला तं?"

"निघत नाही. आत लॉक असतं."

"आमच्या जीपले सहा हायत, त्यातले दोन मागच्याच साली निघाले. चार उरले. म्हून चालून राह्यली." तो माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही मागंमागंच राहा यायच्या."

मी या माणसाला चहा पाजला.

दसरा, दुपार: आरमोरी, गडचिरोली, आष्टी आणि माझं पंक्चर

वैनगंगेवरचा पूल ओलांडून आरमोरी, मग गडचिरोली. पेट्रोल इथेच भरून घ्या. मोबाइलवर काय बोलायचं असेल तेही इथेच बोलून घ्या, पुढे रेंज आली तर आली. गडचिरोलीत जेवलो: भात, वरण, तळलेले झिंगे. मालक बाजूला उभे राहून वाढत होते आणि ताटात भात संपला की त्यांना अपमान वाटत होता.

चामोर्शी सोडल्यावर आष्टी येते आणि आष्टीनंतर आलापल्लीपर्यंतचा रस्ता ट्रकांनी खाल्लेला आहे. दोन्ही बाजूला साग, उंच, सरळ, शांत. मधे रस्ता नावाची खडी. इथे प्रदीप ताशी पंधराच्या वेगाने चालला होता आणि मी मागून त्याच्या टायरांकडे जीव मुठीत धरून बघत होते. एक टोकदार दगड त्याने मोठ्या कौशल्याने चुकवला. तो मला लागला.

फस्स करून माझं मागचं डावं चाक बसलं.

मी उतरले, डिकी उघडली, जॅक लावला, चार नट काढले, स्टेपनी चढवली, चार नट आवळले. वीस मिनिटं. प्रदीप छत्री धरून उभा होता. ऊन होतं म्हणून, नाहीतर त्याला काही करण्यासारखं नव्हतं.

"हेच तुझ्या गाडीला झालं असतं तर?" मी विचारलं.

"पण झालं नाही ना," तो म्हणाला. मी काळे झालेले हात त्याच्या छत्रीला पुसले.

दसरा, चार वाजता: अहेरी

चाचांच्या दुकानासमोर दहा-बारा माणसं खुर्च्या टाकून बसली होती. चाचा स्वतः पांढराशुभ्र कुर्ता घालून, दाढीला मेंदी लावून उभे. दुकान रिकामं झालं होतं. भिंतीवर फक्त ते चित्र होतं, कडा पिवळ्या पडलेल्या.

"ये रे पद्या," चाचा म्हणाले. "किती टाइम लावलास. चाळीस साल झाले ना."

ते गाडीशी गेले, खाली बसताना शबानाने हात दिला. त्यांनी नटावर तळवा ठेवला आणि काही वेळ तसाच ठेवला.

"लाल रंग काऊन?"

"डाव्या बाजूचे लाल, उजव्या बाजूचे निळे, चाचा. अदलाबदल होऊ नये म्हणून."

"हुशार हायत लोकं. चाल, सामान काढ."

प्रदीपने डिकीतून सेंटरलॉकच्या हत्यारांची काळी पेटी काढली. जड पेटी आहे ती, आतला लांब पानाच पाच-सहा किलोचा असेल. त्याने सगळ्यांसमोर झाकण उघडलं. स्पंजच्या खाचांमध्ये पाना होता, जोडपट्टी होती, ग्रीसची ट्यूब होती. आणि सॉकेटच्या जागी सॉकेटच्या आकाराचं गोल भोक होतं.

प्रदीपने पेटी उलटी करून पाहिली. मग सीटखाली पाहिलं. मग ब्रह्मपुरीच्या जीपवाल्यांवर संशय घेतला. मी मात्र त्या भोकाकडे पाहिलं त्याच क्षणी मला सगळं आठवलं होतं, आणि मी आधी हातातला कपभर चहा संपवला.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे पाटावर घरातली हत्यारं मांडतात: विळी, कात्री, सासऱ्यांचा जुना वस्तरा, हल्ली लॅपटॉपसुद्धा. पूजा मीच मांडली होती. प्रदीपने सॉकेट पुसून टेबलावर ठेवलं होतं. सासूबाईंनी विचारलं, हे काय, मी म्हटलं, तुमच्या मुलाचं हत्यार. "मंग ठेव की पाटावर," त्या म्हणाल्या. मी हळद-कुंकू वाहून, वर झेंडू ठेवून, मोठ्या मनाने ते मांडलं. दोन वर्षांत सेंटरलॉकशी मी पहिल्यांदाच चांगलं वागले होते.

"देवघरात आहे," मी शेवटी म्हणाले.

सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मला त्या चार बोटांच्या गाडीखाली शिरावंसं वाटलं.

एक ट्रक मेकॅनिक म्हणाला, छन्नी लावू, हातोडा मारू, फिरते कसा नाई. प्रदीपचा चेहरा पांढरा झाला. पण त्याच्या आधी चाचाच बोलले.

"ज्या नटाचा पाना नाई, त्याले मी हात लावत नाई. अख्ख्या जिंदगीत एक नट घासवला नाई मी. जाता-जाता घासवू?" आणि ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पूजेत ठेवला ना? चांगल्या जागी हाय मंग." त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं, इतकं मला कसंतरी झालं.

सासूबाईंना फोन लावला.

"आई, ते पाटावरचं गोल लोखंडी घेऊन कुणाला तरी बसस्टँडवर पाठवता का? अहेरीच्या बसवर द्यायचंय."

"पुजलेलं हत्यार सोनं वाटल्याशिवाय हलवत नाई, माहीत नाई का तुले?"

"आई, करीमचाचा उद्या दुपारी चालले."

मग त्या म्हणाल्या, "करीमभाऊ चालले? कुठी?" मी सांगितलं. "बरं. सांजेले सोनं वाटतो आन मीच नेऊन देतो. बस रातची हाय. ड्रायव्हरच्या हातात देईन, कंडक्टरच्या नाई."

बाहेरून येणाऱ्यांसाठी माहिती: या भागात औषधं, कागदपत्रं, डबे, सगळं असंच बसच्या ड्रायव्हरच्या हातात देऊन जातं, आणि पोचतं.

दुसरा दिवस: बसची वाट

बस सकाळी सातला येते. शबानाने ठरवलेली गाडी बाराला निघणार होती, त्या गाडीवाल्याचं चंद्रपूरहून पुढचं भाडं ठरलेलं होतं. शबानाने नाश्त्याला खिचडी आणि चिंचेचा खट्टा केला. अहेरीला गेलात आणि कुणी हे खायला बोलावलं तर नाही म्हणू नका.

सात वाजले, आठ वाजले. साडेआठला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"तुमच्या मातोश्रीनं एक डाग देला हाय माझ्यापाशी, गाठोडं. मी बसचा ड्रायव्हर. आष्टीच्या पुढं हाव. बस आधीच लेट होती, आन आता टायर बसला."

मी चाचांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. "मागचा का पुढचा?" मी विचारून सांगितलं, मागचा, आतला. "मंग दोन्ही काढा लागते. दहा नट. त्यातले दोन गंजलेले राहतेच. जॅक खाली फळी लागते. दीड घंटा. रस्ता दोन घंटे. बाराले पाच कमी असतानी येते."

त्यानंतर चाचांचा चष्मा हरवला. शबानाने तो शोधला. मग त्यांच्या गोळ्या हरवल्या. मग त्यांना शेजारच्या तीन घरी निरोप घ्यायचा राहिलेला आठवला. शबाना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "वहिनी, चष्मा त्यांनीच खिशात ठेवला होता." मग ती गाडीवाल्याकडे गेली आणि त्याला दुसऱ्यांदा खिचडी वाढली.

बाराला दहा कमी असताना बस आली. ड्रायव्हर हातात टॉवेलचं गाठोडं घेऊन स्वतः उतरला, त्याच्यामागे कंडक्टर, त्याच्यामागे बरेचसे प्रवासी, कारण मातोश्रींनी काय पाठवलं हे रात्रभर कुणालाच कळलं नव्हतं. चाचांनी गाठ सोडली. आत सॉकेट, त्यावर कालचं हळद-कुंकू, आणि आपट्याची पानं. सोबत चिठ्ठी होती: करीमभाऊ, सोनं घ्या. चाचांनी दोन पानं कुर्त्याच्या खिशात ठेवली. कुंकू पुसलं नाही.

"ब्रेक कोण दाबते?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

म्हणून, मंडळी, ज्या क्षणासाठी आम्ही एवढे किलोमीटर आलो तो मी पाहिलेला नाही. मी आत, त्या खोल सीटमध्ये रुतून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ब्रेक दाबत होते. समोरच्या काचेतून मला फक्त माणसांचे चेहरे दिसत होते. कुणीतरी म्हणालं, जोर द्या. गाडीला एक हिसका बसला. सगळे चेहरे एकदम खाली वाकले. गाडी वर उचलली गेली, आणि मी काच खाली केली.

चाचा चाक मांडीशी धरून बसले होते. त्यांचा चेहरा मात्र मी कल्पना केली तसा नव्हता.

"बस?" ते म्हणाले. "इतकंच?"

"इतकंच, चाचा," प्रदीप म्हणाला.

"चित्र पाहूपाहू बुढा झालो, वाटे, काय असन नाई काय असन." त्यांनी नट हातात फिरवून पाहिला. "काम पक्कं हाय. पण मजा नाई आला, पद्या. पाच नट खोलतानी गिऱ्हाइकाशी दोन गोष्टी होते. कुठून आले, कुठी चालले. इथी तं नाव पुसायच्या आधी चाक हातात."

कुणी हसलं, आणि मग चाचाही हसले. पण त्यांनी चाक परत बसवलं, जोर मोजणाऱ्या पान्याने आवळलं, थोडं सैल करून पुन्हा आवळलं, प्रदीपने सांगितलं तसं. आणि मग म्हणाले, आता दुसरं. चारही चाकं झाली. माझा पाय बधिर झाला.

शबानाचा गाडीवाला एव्हाना बसच्या प्रवाशांबरोबर टाळ्या वाजवत होता. चाचांनी हात धुतले आणि माझ्या गाडीकडे पाहिलं. "पंक्चर ठेवून जातेस का बेटा? आण, काढून देतो." त्यांनी बांधलेल्या सामानातून हत्यारं काढली, टायर दुरुस्त केलं आणि स्टेपनी उतरवून ते चढवायला चार नटांपाशी बसले. बाकीचे सगळे अजून लाल-निळ्या नटांभोवती होते. इथे आम्ही दोघंच.

पहिल्या नटाला त्यांनी विचारलं, माहेर कुठलं. यवतमाळ, मी म्हटलं. दुसऱ्या नटाला विचारलं, शाळेत काय शिकवतेस. भूगोल. "मंग तुले माहीत असन. चंद्रपूर लय दूर नाई ना?" नाही, म्हटलं, तीन तास. तिसऱ्या नटाला ते म्हणाले, "शबाना तिसऱ्या माळ्यावर राहते. वरून सडक दिसते म्हणे. आवाज नाई येत."

चौथा नट त्यांनी बराच वेळ हातात धरला.

"मले नाई जावसं वाटून राह्यलं," ते म्हणाले. "तिले नको सांगू. बिचारी मनापासून नेऊन राह्यली."

मी म्हटलं, चाचा, आम्ही येऊ तिथे. ते मान हलवून नट आवळत राहिले.

परत: आष्टी, गोंडपिपरी, चंद्रपूर

शबाना सामानाबरोबर ठरवलेल्या गाडीत बसली आणि चाचा प्रदीपच्या शेजारी. हे आधी ठरलं नव्हतं. चाचा त्या गाडीत बसले नाहीत, उतरवले गेले, आणि बाहेर काढायला प्रत्येक वेळी दोन माणसं लागली. आष्टीला नदी ओलांडून गोंडपिपरीकडे वळलो, हा रस्ता खूप बरा आहे. गोंडपिपरीला चहा घेतला. चाचांनी स्वतःला बाहेर काढायला लावलं, चारही नटांना एकेक करून तळवा लावला आणि म्हणाले, "ढिला नट तापते. हा गरम नाई. बरोबर हाय." चंद्रपूरला तीन जिने चढायच्या आधीही त्यांनी तेच केलं. प्रदीपने निकाल विचारायचं धाडस केलं नाही, मीही नाही.

आम्ही वरोऱ्याहून नागपूरला परत आलो. सासूबाईंनी सॉकेट धुवायला घेतलं, मग तसंच ठेवलं.

आठवड्याने प्रदीप स्वतःच म्हणाला, "तुझं बरोबर आहे. व्यवहारात पाच नटच बरे. बोलाव तुझ्या माणसाला."

दोन वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होते.

"राहू दे," मी म्हटलं. "ते चाचांनी आवळलेत."

टायर कधीतरी झिजतील, तेव्हा उघडावेच लागतील, आणि मला आत बसून ब्रेक दाबावा लागेल, हे मला कळतं. गैरसोयीची माझी यादी अजून तशीच आहे, एकही मुद्दा खोडलेला नाही. पण दर रविवारी सकाळी चंद्रपूरहून फोन येतो आणि तो प्रदीपला नाही, मला येतो. शाळा कशी आहे, यवतमाळला आई कशी आहे, हे सगळं झाल्यावर चाचा विचारतात, "आन नट? ढिला तं नाई झाला एकही?"

मी थांबा म्हणते, फोन घेऊन खाली पार्किंगमध्ये जाते, चारही नटांना हात लावते, आणि मग सांगते, नाही चाचा, घट्ट आहेत.